सूक्ष्मकर्णाचं परवडणारं टर्नटेबल

एका जंगलात वाघ होता, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. कारण त्याच्याकडे ऐकण्यासारखं काही नव्हतं. विचारायचे ते सूक्ष्मकर्णाला.

सूक्ष्मकर्ण हा साळिंदर होता. मुलांनो, साळिंदर तुम्ही चित्रात पाहिला असेल. अंगभर काटे, पोट मऊ, आणि जवळ जाईपर्यंत स्वभावाचा अंदाज येत नाही. नवऱ्यांमध्ये ही जात पुष्कळ आढळते.

त्याचं बीळ टेकडीच्या पोटात होतं. आत तीन दालनं. एकात झोपायचं, एकात रांधायचं. तिसरं सगळ्यांत मोठं. त्यात सिस्टिम राहायची. हो, राहायचीच. तिला ऊन चालत नसे, दमट हवा सोसत नसे, आणि पाहुणे आले की आधी तिची चौकशी होई.

वारुळापेक्षा उंच असे दोन स्पीकर होते. मधे काचेच्या दिव्यांचा अ‍ॅम्प्लिफायर होता. तो थंडीत ऊब द्यायचा आणि उन्हाळ्यातही द्यायचा. तारा अजगराएवढ्या जाड होत्या. जंगलात वीज कुठली, असं विचारू नका. काजवे होते. तेही कुठल्याही दलदलीतले चालत नसत. पश्चिमेकडच्या काजव्यांची वीज स्वच्छ असते, असं सूक्ष्मकर्णाचं मत होतं. पूर्वेकडच्या काजव्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

आणि दालनात खुर्ची एकच. दोन्ही स्पीकरांपासून वेलीने मोजून, जमिनीवर चुन्याची खूण करून ठेवलेली. खरं संगीत तेवढ्या एका जागी जमा होतं म्हणे. एक बोट डावीकडे सरकलात की गायक उजवीकडे निघून जातो.

अशा घरात सुस्वरा नवी नवरी म्हणून आली.

तिचं खरं नाव सगुणा. साळिंदरांत एक रीत आहे. लग्नात ताटभर तांदूळ पसरतात आणि नवरा आपल्या काट्याने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सूक्ष्मकर्णाने वळणदार अक्षरात ‘सुस्वरा’ लिहिलं. सिस्टिमला शोभेल असं नाव आहे, म्हणून मंडळींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला, आणि वाढलेला होता म्हणून तिने तो खाल्ला. आपणही तिला सुस्वराच म्हणू. तिलाही सवय करून घ्यायची होती.

ती फार बोलत नसे. न बोलणाऱ्याला घरात पुष्कळ दिसतं.

तिच्या पेटीत, केळीच्या सोपटात गुंडाळलेली, एक काळी तबकडी होती. तीन वर्षांपूर्वी ती आईबरोबर जत्रेला गेली होती. तिथे एका पालात माणकोबा नावाचा एक सरडा बसला होता. त्याच्या शिंगाच्या भोंग्यात दोन मिनिटं बोललं की तो बोलण्याची तबकडी करून हातात द्यायचा. सगुणाने हट्ट केला म्हणून आई भोंग्यासमोर उभी राहिली. काय बोलायचं ते तिला सुचेना. दोन मिनिटं संपत आली तेव्हा ती मागे वळली आणि लेकीला हाक मारून म्हणाली, चल.

सरड्याने तबकडी एकदा वाजवून दाखवली. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. माहेरी तबकडी वाजवायचं यंत्र कुणाकडेच नव्हतं.

सुस्वराला एवढंच हवं होतं, मुलांनो. ती हाक पुन्हा ऐकायची होती. नव्या घरात त्या नावाने तिला कुणी हाक मारत नव्हतं, आणि मारणारही नव्हतं.

लग्नानंतर आठ दिवसांनी तिने नवऱ्याला विचारलं, “अहो, माझ्याकडे आईच्या आवाजाची तबकडी आहे. तुमच्या सिस्टिमवर लागेल का?”

सिस्टिममध्ये लाखभर गाणी भरलेली एक पेटी होती. सूक्ष्मकर्ण त्यातल्या प्रत्येक गाण्याचं पहिलं अर्धं मिनिट ऐकत असे. पण तबकडी वाजवायचं टर्नटेबल मात्र नव्हतं. त्याने तबकडी उजेडाकडे धरली. त्याचा चेहरा खरोखरच मऊ झाला.

“ही साध्या यंत्रावर लावायची नाही,” तो म्हणाला. “जत्रेतल्या तबकड्या मऊ असतात. जड सुई पडली की दर वेळी आवाज खरवडून निघतो. तुझ्या आईचा आवाज आहे, सुस्वरा. त्याला साजेसं टर्नटेबल आणू.”

“साधंच आणलं तरी चालेल.”

“साधंच आणायचं आहे. पहिलंच तर आहे. परवडणारं बघू. फक्त जरा विचार करून.”

‘विचार करून’ म्हटल्यावर सुस्वराने ओळखलं की उन्हाळा गेला.

विचार करायला दर गुरुवारी संध्याकाळी दोन जाणकार येत. पहिला अधोमुख नावाचा वटवाघूळ. जंगलात कुणालाच ऐकू येत नाहीत असे आवाज त्याला ऐकू येत, त्यामुळे त्याचं म्हणणं खोडून काढायची सोय नव्हती. तो खुर्चीच्या वर, एका मुळीला उलटा लटकून ऐकायचा. उलटं लटकल्यामुळे डावं उजवीकडे जायचं, म्हणून तो आला की सूक्ष्मकर्ण स्पीकरच्या तारा काढून अदलाबदल करी. तो गेला की पुन्हा जागच्या जागी.

दुसरा पृथुल नावाचा अजगर. त्याला कानच नव्हते. तो जमिनीवर पसरून पोटाने ऐकायचा. खर्जाच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा मानत.

दोघांसाठी आमटी-भाकरी करायचं काम सुस्वराचं. तिची जागा चुलीपाशी, दाराच्या आड. तिथे आवाज पोचतो पण त्याचं चित्र उभं राहत नाही, असं सूक्ष्मकर्ण हळहळून सांगे. पहिल्याच गुरुवारी तिला कळलं की पाट्यावर चटणी वाटली की सिस्टिमला हादरा बसतो. तेव्हापासून गुरुवारी चटणी बंद झाली. दुसऱ्या गुरुवारी कळलं की ती चालली की तिचे काटे सळसळतात. तेव्हापासून ती काटे फडक्याने बांधून वावरू लागली. सूक्ष्मकर्णाने ते फडकं स्वतः निवडून आणलं होतं. मऊ होतं. त्याला तिची काळजी होती.

टर्नटेबलचा विषय निघाला तेव्हा अधोमुखाने डोळे मिटले. चकती पट्ट्याने फिरवायची की थेट यंत्रानेच, हे आधी ठरू दे, असं तो म्हणाला. जंगलात यावरून दोन तट होते आणि ते एकमेकांत मुली देत नसत. हे ठरायला ज्येष्ठ गेला. मग पृथुल म्हणाला, टर्नटेबल कुठलंही घ्या, पण ठेवणार कशावर? यात आषाढ गेला. लाकूड गातं, दगड गप्प राहतो, वाळू ऐकून घेते, अशी बरीच चर्चा झाली. सुस्वरा भाकऱ्या थापत होती. तेही हलक्या हाताने.

शेवटी सूक्ष्मकर्ण तिला घेऊन चतुरक कोल्ह्याच्या दुकानात गेला. दारातच एक छोटंसं लाकडी टर्नटेबल होतं. सुस्वराला ते आवडलं. तिने बोट दाखवलं.

चतुरकाने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, जसं लहान मुलाकडे पाहतात. मग सूक्ष्मकर्णाला म्हणाला, “घ्या ना शेट. तुम्हाला परवडेल हो. तुमच्या सिस्टिमला परवडेल का?”

सूक्ष्मकर्णाने त्या टर्नटेबलकडे पुन्हा एकदा पाहिलं.

“तुमचे स्पीकर काही लपवत नाहीत,” चतुरक पुढे म्हणाला. “स्वस्त सुई लावलीत तर तिचा स्वस्तपणा सगळ्या जंगलाला ऐकवतील. वहिनी, तुम्हीच सांगा. रेशमी शालूवर कुणी खराट्याची काडी खोवतं का?”

सुस्वरा म्हणाली की तिच्याकडे शालू नाही. पण तोवर दोघं आतल्या दालनात गेले होते.

येताना सूक्ष्मकर्णाच्या हातात टर्नटेबल नव्हतं. माहितीपत्रकं होती. जाड, गुळगुळीत कागदाची. चतुरकाने सांगितलं होतं की पहिलं टर्नटेबल शिकायला असतं आणि दुसरं ऐकायला. पहिल्याबद्दल इतका कसला विचार करता? सुस्वरा ही सूक्ष्मकर्णाची पहिलीच बायको होती. तिने हे वाक्य लक्षात ठेवलं.

श्रावणात सूक्ष्मकर्ण माहितीपत्रकं वाचत होता. भाद्रपदात तो ती पुन्हा वाचत होता.

ओढ्याकाठी एक म्हातारी कासवीण राहायची. तिची पाठ धरायची. म्हणून दुपारी ती ओल्या गुळगुळीत कातळावर उलटी पडायची आणि एका पायाने हलकेच रेटा देत जागच्या जागी गोल फिरायची. त्याने पाठ मोकळी होते. सुस्वरा पाण्याला गेली की दोघी बोलत.

“तुमच्याकडे रोज काय गं वाजतं एवढं?” एकदा कासवीण आजीने विचारलं.

“काच फुटते, आजी.”

“रोज?”

“हो. गाण्यांच्या पेटीतली. फुटलेली नीट ऐकू येते का ते बघतात.”

आजी फिरत राहिली. सुस्वरा बघत राहिली. आजीचं पोट पोळपाटासारखं सपाट होतं. आणि तिचा वेग जराही बदलत नव्हता. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: फिरण्याचा वेग अखंड स्थिर हवा, हीच उत्तम टर्नटेबलची खूण.

दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन आली, आणि घागरीत तबकडी होती. कमरेला माहितीपत्रकाचं एक पान खोचलेलं होतं. तिने ते गुंडाळून त्याचा कर्णा केला. आपला गळलेला एक काटा त्याच्या टोकात खुपसला. लग्नानंतर काटे जरा जास्तच गळत होते. त्यांचा उपयोग झाला. तबकडी आजीच्या पोटावर ठेवली.

“बेताने फिरा हं, आजी.”

“मला बेत शिकवतेस? माझ्यामागे आजवर कुत्रा लागला, वणवा लागला. वेग हाच होता.”

काटा तबकडीवर टेकला. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या मागून, लांबच्या शेतातून यावा तसा, आवाज आला.

“यात बोलू? चालू झालं का हे? अहो, तुम्ही जरा लांब उभे राहा की. काय बोलतात लोक यात? मी बरी आहे. हिरडे वाळत टाकलेत, त्यांच्यावर कोण लक्ष ठेवतंय? संपलं का? अजून आहे? केवढी मोठी हो दोन मिनिटं तुमची.” मग थोडा वेळ काहीच नाही. मग तोंड वळवून, पण अगदी जवळून: “सगू. ए सगू. चल गं, उशीर झाला.”

कासवीण आजी थांबली. सुस्वराने तिला थांबायला सांगितलं नव्हतं.

“तू सगू का?” आजीने विचारलं.

सुस्वराने मान हलवली. मग तिचं लक्ष काट्याकडे गेलं. टोकाला केसासारखा बारीक काळा दोरा लटकत होता. तबकडीतून खरवडून निघालेला. तिने तो बोटावर घेतला. हा आवाजच होता. कुठला शब्द होता ते कळायला मार्ग नव्हता.

म्हणजे नवरा अगदीच चुकीचं बोलत नव्हता. हे तिला जरा लागलं.

ती बराच वेळ कातळावर बसून राहिली. न वाजवली तर आवाज तबकडीत राहील, पण ऐकू येणार नाही. वाजवली तर ऐकू येईल, पण राहणार नाही. मग माहेरी जे पंगतीत करायचे ते तिने केलं. पानातला गोडाचा घास शेवटी ठेवला. रोज यायचं, हिरड्यांपर्यंत ऐकायचं, ‘दोन मिनिटं तुमची’ ऐकायचं, आणि हाकेच्या आधी काटा उचलायचा. बाकीचं खर्च होऊ दे. तेवढी हाक शिल्लक राहायला हवी. साजेसं टर्नटेबल येईल तेव्हा ऐकू.

तसं रोज दुपारी चाललं. आश्विनात हिरडे ऐकू येईनासे झाले. दिवाळीच्या सुमारास ‘लांब उभे राहा’ गेलं. आवाज विरला की त्या जागी सुस्वरा तो शब्द स्वतः म्हणायची. पुढे पुढे आजीही म्हणू लागली. शेवटी तबकडीत नुसती खरखर राहिली आणि दोघी मिळून आईचं बोलणं पूर्ण करायच्या. हाक मात्र दोघींपैकी कुणीही म्हणत नसे.

आणि मार्गशीर्षात टर्नटेबल आलं.

परवडणारंच आलं. परवडणारं म्हणजे काय, हे एवढ्या महिन्यांत हळूहळू बदलत गेलं होतं. आधी ते घराला परवडायचं होतं, मग सिस्टिमला, आणि शेवटी अधोमुखाला परवडेल असं निघालं. त्याला काहीच द्यायचं नव्हतं. पाच खोकी आली. एकात चकती, एकात चकतीवरचा दांडा, एकात सुई. एकात सुईची कुजबुज मोठी करणारी डबी. पाचव्यात नुसता दगड. सगळं मिळून परवडलं. वेगवेगळं कुणालाच परवडलं नसतं.

सुई अशी हलकी होती की तिच्यापुढे मुंगी जड. सूक्ष्मकर्णाने सुस्वराला भिंगातून दाखवलं. “हजार वेळा वाजव,” तो म्हणाला, “ओरखडा उठणार नाही. तुझ्या आईसाठीच घेतलीय.”

हे तो मनापासून म्हणाला. सुस्वराने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली.

गुरुवारी बैठक भरली. पृथुल पसरला, अधोमुख लटकला, तारांची अदलाबदल झाली. सूक्ष्मकर्णाने तबकडीवरून मोराचं पीस फिरवलं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो खुर्चीपासून बाजूला झाला.

“सुस्वरा, आज तू इथे—”

अधोमुख वरून खाकरला. पहिल्यांदा जाणत्याने बसलेलं बरं, नंतर घरची मंडळी आहेतच, असं काहीतरी तो म्हणाला. सूक्ष्मकर्ण घुटमळला.

“तुम्हीच बसा,” सुस्वरा दारातून म्हणाली. “आमटी आहे चुलीवर.”

तो बसला. सुई उतरली.

मुलांनो, चतुरक कोल्हा खोटं बोलला नव्हता. त्या स्पीकरांनी काहीही लपवलं नाही. तीन महिन्यांचा एकेक ओरखडा, एकेक दुपार, सगळं वारुळाएवढं मोठं होऊन बाहेर आलं. शेकडो कोल्हे वाळल्या पानांतून धावत सुटावेत तसा आवाज झाला. त्यात आई कुठेच नव्हती.

अधोमुखाचे कान ताठ झाले. “ही काट्याने वाजवलेली आहे,” तो म्हणाला. “एकदा नाही. रोज.”

काटे असलेले त्या घरात दोघंच होते. सुस्वराने अंगाभोवतीचं फडकं जरा घट्ट केलं आणि आमटी ढवळली.

“जत्रेतले लोक,” सूक्ष्मकर्ण म्हणाला. “त्यांना कसली अक्कल.”

आपल्या घरात असं होईल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. कुणावर एवढा विश्वास टाकला की त्या माणसाला काय वाटतं, हे सुस्वराला त्या क्षणी कळलं. ते काही फार सुखाचं नव्हतं.

तेवढ्यात पृथुलने डोकं वर उचललं. “या सगळ्याच्या खाली कुणीतरी पाय बदलतंय,” तो म्हणाला. “ह्या पायावरचा भार त्या पायावर. संकोचून उभं असावं तसं.”

सुस्वराचा हात थांबला. हे तिने काट्यातून कधी ऐकलं नव्हतं. तिलाही ऐकू येत नव्हतं. पण जमिनीला टेकलेल्या तळव्यांना काहीतरी लागल्यासारखं वाटलं.

“पाय ऐकायला का आपण जमलो?” अधोमुख म्हणाला. “बंद कर, सूक्ष्मकर्णा. सुई खराब होईल. या सिस्टिमला ही तबकडी परवडत नाही.”

सूक्ष्मकर्ण ओशाळला. तो उठला आणि दांड्याकडे हात नेला.

“राहू द्या.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. सिस्टिम चालू असताना ती कधी बोलत नसे. ती चुलीपासून उठून दारात आली होती. फडकं सुटलं होतं आणि काटे वाजत होते.

“राहू द्या,” ती पुन्हा म्हणाली. “संपतच आलंय.”

सूक्ष्मकर्णाचा हात तसाच हवेत राहिला. कोल्हे पानांतून धावत होते, धावत होते, आणि एकदम थांबले. मग धुतल्या काचेसारख्या स्वच्छ आवाजात, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, कुणीतरी उभं राहून म्हणालं:

“सगू. ए सगू. चल गं, उशीर झाला.”

दांडा आपोआप उचलला गेला. चुलीवर आमटी उतू गेली. सगळ्यांना ती ऐकू आली, पण पहिल्यांदाच त्या घरात त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

“परत लाव,” अधोमुख म्हणाला. “फक्त शेवट.”

सूक्ष्मकर्णाने परत लावलं.

“हा ‘स’ ऐकलास?” अधोमुख आता डोळे उघडून लटकत होता. “कुठल्याही सुईवर ‘स’ फाटतो. इथे धारही फुटली नाही. आणि मान वळवलेली कळते. परत.”

त्या संध्याकाळी हाक सात वेळा झाली. सातही वेळा चुलीपाशी कुणीतरी ओठ न हलवता ‘ओ’ दिली. हे मात्र अधोमुखालाही ऐकू आलं नाही.

सगू कोण, हे कुणी विचारलं नाही. तसं एकदा सूक्ष्मकर्णाने विचारलं. सुईवरची धूळ फुंकता फुंकता तो म्हणाला, “कुणाला हाक मारतात गं त्या?” आणि उत्तराची वाट न पाहता फुंकत राहिला.

“असेल कुणी घरातलं,” सुस्वरा म्हणाली.

मग जंगलभर बातमी गेली. सूक्ष्मकर्णाकडे एक हाक आहे, टर्नटेबल तपासायला तिच्यासारखी दुसरी नाही. ओढ्यापलीकडून, डोंगरापलीकडून जाणकार येऊ लागले. काच फुटायची बंद झाली. दर गुरुवारी एकेक जण खुर्चीत बसून डोळे मिटायचा आणि हाक ऐकायचा. कुणाला तिच्यात खोली दिसायची, कुणाला रुंदी. दुसऱ्या एका साळिंदराने हवा दिसते असं सांगितलं. पूर्वेकडचे काजवेसुद्धा वैर विसरून आले. हाक पुन्हापुन्हा वाजायची. सुई हलकी होती. ओरखडा उठत नव्हता.

आमटी मात्र जास्त करावी लागायची. सुस्वराची त्याबद्दल तक्रार नव्हती.

एकदा पाण्याला गेली तेव्हा कासवीण आजी कातळावर फिरत होती. “हल्ली येत नाहीस गं दुपारची,” ती म्हणाली.

“घरी बोलावणं असतं, आजी,” सगुणा म्हणाली, आणि घागर भरून निघाली. गुरुवार होता. उशीर झाला होता.

सूक्ष्मकर्ण आता दुसऱ्या टर्नटेबलचा विचार करतो आहे. परवडणाऱ्या.

तात्पर्य: मुलांनो, नवऱ्याचा महागडा छंद मोडू नये, साध्या छंदात बायकोला हवं ते मिळायला फार वेळ लागतो. घरात खुर्ची मात्र एकच ठेवावी आणि ती त्यालाच द्यावी. खुर्चीत बसणाऱ्याला सिस्टिम ऐकू येते. दाराआडच्याला हाक.